वेताच्या खुर्च्या गेल्या, त्यानंतर काय? – दिव्यांग कल्याण आणि उद्योग विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि सचिव,
दिव्यांग कल्याण विभाग तसेच उद्योग विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आपल्या दोन्ही विभागांना एकाच पत्रात लिहिते आहे, कारण मला जे सांगायचं आहे ते आपल्या दोघांच्या मधोमध पडून राहिलं आहे. अंध माणसाचं प्रमाणपत्र, त्याच्या योजना, त्याची शिबिरं एका विभागाकडे. सरकारी कचेऱ्यांनी काय विकत घ्यायचं आणि कोणत्या नियमाने, हे दुसऱ्याकडे. अंध कामगाराच्या हाताला बारा महिने काम हवं असेल तर ही दोन टेबलं एकमेकांना भिडवावी लागतील.

माझे वडील अंध होते. लहानपणी देवी आल्या, ताप उतरला तेव्हा डोळे गेलेले. तरुणपणी ते एका कार्यशाळेत वेतकाम शिकले आणि पुढची पंचवीसेक वर्षं त्यांनी सरकारी कचेऱ्यांमधल्या खुर्च्या विणल्या. आपल्यापैकी जे जुन्या काळी नोकरीला लागले असतील त्यांना त्या खुर्च्या आठवत असतील. सागवानी चौकट, बसायला आणि पाठीला वेताची जाळी, उन्हाळ्यातही पाठ घामेजू न देणारी.

वेताची पट्टी पाण्यात भिजवून ठेवावी लागते, नाहीतर वाकवताना तडकते. चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. बाबा आधी ती बोटांनी मोजून घ्यायचे. मग उभे पदर, आडवे पदर, पुन्हा उभे, आणि शेवटी दोन्हीकडून तिरके. पट्टी ताठ राहावी म्हणून भोकात लाकडाची खुंटी ठोकायची. एका खुर्चीला त्यांना दोन दिवस लागत. विणून झाली की ते जाळीच्या मधोमध तळवा दाबून ऐकत बसायचे. कुरकुर ऐकू आली तर तेवढा भाग उसवून पुन्हा विणायचा. कुणी पाहत नसतानाही उसवायचे. मजुरी खुर्चीमागे मिळायची, म्हणजे उसवण्यात त्यांचंच नुकसान असायचं.

मग गादीच्या फिरत्या खुर्च्या आल्या, त्यांच्यामागून प्लॅस्टिकच्या. बाबांना कामावरून कुणी काढलं नाही. खुर्च्या यायच्या बंद झाल्या, एवढंच. आधी महिन्याला आठ-दहा, मग दोन, मग एक दिवस शिपायाने निरोप आणला की आता राहू दे.

त्यांच्या एका सोबत्याला पिवळ्या पाटीचा पीसीओ मिळाला होता. चांगला चालला, पोरांची शिक्षणं झाली, आणि मोबाईल आल्यावर दोन वर्षांत त्याला टाळं लागलं. दुसरे एक जण टेलिफोन ऑपरेटर होते. शंभर-सव्वाशे एक्स्टेन्शन त्यांना तोंडपाठ. बोर्ड स्वयंचलित झाला आणि त्यांना कोपऱ्यातली एक खुर्ची देऊन निवृत्तीपर्यंत नुसतं बसवून ठेवलं. या तिघांच्या बाबतीत घडलं ते एकच. आपण अंध माणसाची गाठ एकेका वस्तूशी मारत आलो, आणि काळाने ती वस्तू नेली की माणूसही सोबत गेला.

हे मला इतक्या स्पष्टपणे कळलं ते एका पेनामुळे. माझा भाचा अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनात असतो. दोन वर्षांपूर्वी येताना त्याने माझ्यासाठी एक काळं, अगदी साधं बॉलपेन आणलं. त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं – स्किलक्राफ्ट, यू.एस. गव्हर्नमेंट. तो म्हणाला, "मावशी, हे आमच्या शेजारच्या ग्रीन्सबरो गावात अंध कामगार बनवतात. तिथलं सरकार कितीतरी वर्षं हेच पेन घेतंय." मी शिक्षिका आहे, पेनांचं मला नवल नाही. पण सरकार कितीतरी वर्षं घेतंय, हे वाक्य डोक्यातून जाईना. मिळेल तिथून वाचत गेले. जे हाती लागलं ते आपल्यापुढे ठेवते. त्यात घेण्यासारखं पुष्कळ आहे, आणि अजिबात घेऊ नये असंही आहे.

अमेरिकेत अंधांसाठीच्या कार्यशाळा जुन्या. बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेच्या सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांना दिसलं की आपण शिकवून तयार केलेल्या मुलांना बाहेर कुणी कामावर ठेवत नाही. तेव्हा १८४०च्या सुमारास त्यांनी शाळेलाच जोडून कार्यशाळा काढली. पुढे अशा कार्यशाळा गावोगावी झाल्या. झाडू, पुसणी, गाद्या, चटया, आणि हो, वेताच्या खुर्च्याही. माल चांगला असे, गिऱ्हाईक बेभरवशाचं. १९३०च्या दशकात महामंदी आली तेव्हा तर माल पडून राहू लागला. त्यात तुरुंगात बनणाऱ्या स्वस्त झाडूंशी स्पर्धा. तुरुंग-उद्योगांना १९३४ मध्ये कायद्याने सरकारी गिऱ्हाईक मिळालं होतं. अंधांच्या कार्यशाळांना ते नव्हतं.

त्यांच्यासाठी ज्यांनी वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले त्यांत रॉबर्ट अर्विन हे नाव महत्त्वाचं. पाचव्या वर्षी दृष्टी गेलेला हा माणूस अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचा प्रमुख होता. सिनेटर रॉबर्ट वॅगनर आणि प्रतिनिधीगृहातल्या कॅरोलाइन ओडे यांनी विधेयक मांडलं आणि २५ जून १९३८ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. रूझवेल्ट स्वतः पोलिओने पायांतलं बळ गेलेले.

वॅगनर-ओडे कायदा लांबीने छोटा आहे. एक समिती नेमायची. अंध कामगारांच्या ना-नफा संस्था बनवू शकतील अशा वस्तूंची यादी त्या समितीने करायची आणि बाजाराला धरून त्यांचा रास्त भाव ठरवायचा. एकदा वस्तू यादीवर आली की केंद्र सरकारच्या खात्यांनी ती तिथूनच घ्यायची. आणि सगळ्या सरकारी मागण्या एका ठिकाणी गोळा करून देशभरच्या कार्यशाळांत वाटायला त्याच वर्षी एक संस्था उभी राहिली – नॅशनल इंडस्ट्रीज फॉर द ब्लाइंड. मला या सगळ्या इतिहासात हा दुवा सर्वांत मोलाचा वाटतो. एकट्या कार्यशाळेला लष्कराची मागणी कधीच झेपली नसती. दहा कार्यशाळांत वाटून ती झेपते.

सुरुवात झाडू आणि पुसण्यांनी झाली. मग महायुद्ध आलं, लष्कराला सगळंच प्रचंड संख्येने हवं होतं, आणि या कार्यशाळा रात्रंदिवस चालल्या. १९५२ मध्ये स्किलक्राफ्ट हे व्यापारचिन्ह आलं आणि तेव्हापासून ते पेन. त्या पेनासाठी सरकारने लिहिलेल्या अटी १६ पानांच्या आहेत. शाई न तुटता सुमारे दीड किलोमीटर लांबीची रेघ निघाली पाहिजे. उणे ४० अंश सेल्सिअसपासून ७० अंशांच्या वरपर्यंत ते चाललं पाहिजे. अंधांनी केलंय म्हणून चालवून घ्या, अशी सवलत त्या १६ पानांत नाही. सैनिकाच्या खिशात आणि पोस्टाच्या खिडकीवर हे पेन इतकी वर्षं टिकलं ते लिहितं म्हणून. बाबा जाळीवर तळवा दाबून ऐकत बसायचे, ते मला इथे आठवलं.

१९७१ मध्ये सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या पुढाकाराने कायदा वाढवला गेला. इतर तीव्र अपंगत्व असलेले कामगारही त्यात आले आणि वस्तूंबरोबर सेवाही आल्या. आज याच व्यवस्थेतल्या अंधांच्या संस्था लष्करी तळांवर सामानाची दुकानं चालवतात, फोनवरून ग्राहकसेवा देतात. म्हणजे झाडूचा काळ गेला तरी कामगार गेला नाही, कारण कायद्याने त्याला झाडूशी बांधलंच नव्हतं. सरकारला यादीशी बांधलं होतं, आणि यादी बदलता येते. बाबांच्या वेळी अशी यादी असती तर खुर्ची गेल्यावर त्यांच्या हातात दुसरं काही आलं असतं. त्यांचे हात तर चांगलेच होते.

आता जे घेऊ नये ते.

त्याच २५ जून १९३८ला, शनिवार होता तो, रूझवेल्ट यांनी एकूण १२१ विधेयकांवर सह्या केल्या. त्यांत अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदाही होता. ताशी २५ सेंटपेक्षा कमी मजुरी देता येणार नाही, असं सांगणारा. पण त्याच कायद्याच्या १४व्या कलमाने एक फट ठेवली. वय, शारीरिक किंवा मानसिक व्यंग यांमुळे ज्याची कमाईची ताकद कमी आहे, त्याला सरकारी परवाना घेऊन किमानापेक्षा कमी मजुरी देता येईल. एका कायद्याने अंध माणसाला काम दिलं आणि दुसऱ्याने त्याच दिवशी त्या कामाची किंमत खाली आणली. पुढची कित्येक दशकं हे दोन्ही कायदे एकाच कार्यशाळेत, एकाच कामगाराच्या पगारात एकत्र नांदले.

याविरुद्ध लढले ते अंध लोकच. १९४० मध्ये, पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्राध्यापक झालेले अंध कायदेतज्ज्ञ जेकबस टेनब्रूक यांच्या नेतृत्वाखाली नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही संघटना उभी राहिली. ती फक्त अंधांसाठी नव्हती, अंधांनी चालवलेली होती. तिचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला आश्रय देता म्हणून आमची मजुरी कापू नका. व्यवस्थापकांचं उत्तर ठरलेलं, की कामगार हळू काम करतो आणि पूर्ण पगार दिला तर कार्यशाळा बुडेल. हा वाद चालू राहिला तो थेट आपल्या काळापर्यंत. या योजनेच्या कंत्राटांवर काम करणाऱ्या कुणालाही किमान वेतनाखाली पगार देता येणार नाही, असा नियम यादी करणाऱ्या त्या समितीने, जिला आता आयोग म्हणतात, केला २०२२ मध्ये. सहीच्या त्या शनिवारपासून ८४ वर्षांनी.

हे परक्या देशाचं म्हणून बाजूला सारू नका. आपल्या १९४८च्या किमान वेतन कायद्यातही २६वं कलम होतं. अपंग कामगारांच्या मजुरीला हा कायदा लागू नाही, असा आदेश काढण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला होता. आणि प्रत्यक्षात तर तशा आदेशाचीही गरज पडत नाही. कामगाराला कामगार म्हणायचंच नाही, की झालं. माझ्या वडिलांना एका कार्यशाळेने सलग अकरा वर्षं 'प्रशिक्षणार्थी' म्हणून ठेवलं होतं. मजुरीऐवजी विद्यावेतन. प्रशिक्षण संपलं नाही, कारण ते संपणं कुणाच्याच सोयीचं नव्हतं. त्या अकरा वर्षांत त्यांनी नव्या मुलांना शिकवलंसुद्धा. त्या संस्थेचं नाव मी लिहिणार नाही. तिने त्यांना कलाही दिली होती आणि बाबांना तिच्याविषयी वाईट बोललेलं आवडत नसे. पण त्या अकरा वर्षांचा भविष्यनिर्वाह निधी आईच्या हाती कधी आला नाही, हे मला लिहायलाच हवं.

आपल्याकडे सरकारी खरेदीत राखून ठेवण्याची कल्पना नवी आहे का? मुळीच नाही. केंद्राच्या खरेदीत खादी राखीव आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या केंद्राच्या धोरणात २५ टक्के खरेदी त्यांच्याकडून करायची आहे, आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या, ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी काढलेले आहेत. अपंग कामगारांच्या उद्योगांसाठी असा आकडा त्यात नाही. आपल्या येरवड्याच्या कारागृहातली टेबलं, कपाटं सरकारी कचेऱ्यांत येतात. त्याचा मला आनंदच आहे, कारण बंदिवानाच्या हातालाही काम हवं. पण अमेरिकेत १९३४ मध्ये तुरुंगाला मिळालेलं गिऱ्हाईक १९३८ मध्ये अंधांनाही मिळालं. आपल्याकडची ती चार वर्षं अजून संपायची आहेत.

आज काय होतं ते आपण जाणता. दिवाळीच्या आधी आठ दिवस मोठ्या कचेऱ्यांच्या आवारात अंध संस्थांचे स्टॉल लागतात. पणत्या, मेणबत्त्या, उटणं, भेटकार्डं. साहेब येतात, फोटो होतात, माल बहुतेक खपतोही. मग नोव्हेंबर ते पुढची दिवाळी? त्याच कचेरीत वर्षभर फाइली लागतात, पाकिटं लागतात, फिनाईल, झाडू, पुसणी, चादरी, गणवेश लागतात. त्यांचं टेंडर निघतं आणि त्यात वार्षिक उलाढालीची आणि मागच्या अनुभवाची जी अट असते तिथेच पंधरा-वीस अंध कामगारांची कार्यशाळा बाद होते. दिवाळीला आलेल्या माणसांचा चांगुलपणा खरा असतो, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण आठ दिवसांच्या विक्रीवर बारा महिन्यांचं घर चालत नाही.

एक आक्षेप मला अंध तरुणांकडूनच ऐकायला मिळतो, आणि तो मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, आम्हाला पुन्हा त्या वेगळ्या खोलीत का ढकलता? आम्ही स्क्रीन रीडर लावून बँकेत काम करतो, कॉलेजात शिकवतो. त्यांचं खरं आहे. २०१६च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना १ टक्का जागा दिल्या आहेत. केवळ दिसत नाही म्हणून कुणाला न्यायाधीशपदापासून दूर ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं. उल्हासनगरची मुलगी प्रांजल पाटील आयएएस झाली. या जागा पूर्ण भराव्यात, अनुशेष राहू नये, हे पहिलं काम. कार्यशाळा त्याला पर्याय म्हणून कुणी पुढे केली तर मी स्वतः विरोध करीन. पण २०११च्या जनगणनेत या देशात दृष्टीचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक लोक मोजले गेले. त्यांत मधुमेहाने चाळिशीत डोळे गेलेला रिक्षावाला आहे. फटाक्याने डोळे गेलेला सातवी शिकलेला मुलगा आहे. माझ्या वडिलांसारखी शाळेची पायरीही न चढलेली माणसं आहेत. त्यांना उद्या स्पर्धा परीक्षेला बसा म्हणता येत नाही. त्यांना उद्या काम हवं आहे.

म्हणून माझं मागणं असं आहे. राज्याच्या खरेदी धोरणात अंध आणि इतर अपंग कामगारांच्या संस्थांसाठी वस्तूंची आणि सेवांची राखीव यादी करावी आणि ती दर दोन वर्षांनी नव्याने तपासावी. उद्या फाइली कागदावरून संगणकावर गेल्या तर पाकिटांच्या जागी दस्तऐवज स्कॅन करण्याचं, कॉल घेण्याचं काम यादीवर यावं. भाव ठरवणाऱ्या समितीत अंध व्यक्ती असाव्यात, आणि त्या संस्थाचालक नव्हे तर कधी काळी कामगार म्हणून राबलेल्या असाव्यात. मागण्या गोळा करून कार्यशाळांत वाटणारी, माल तपासणारी, यंत्राला स्पर्शाने चालवता येतील अशा सोयी करून देणारी एक मध्यवर्ती संस्था असावी. नावाला अंध आणि मालक तिसराच असं होऊ नये म्हणून अमेरिकेच्या कायद्यातली अट उचलावी: संस्थेतल्या प्रत्यक्ष श्रमाच्या तासांपैकी किमान ७५ टक्के तास अपंग कामगारांचे असले पाहिजेत.

आणि मजुरीची अट पहिल्या दिवसापासून, त्याच शासन निर्णयात असावी. यादीवर येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कामगाराला पूर्ण किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा द्यावा. प्रशिक्षणाची मुदत लेखी असावी आणि ती संपल्यावर माणूस हजेरीपटावर यावा. हे नंतर बघू म्हणाल तर ते ८४ वर्षांनी बघितलं जातं, याचा दाखला वर दिलाच आहे. या एका अटीवर सगळा प्रस्ताव अडला तर मी म्हणेन अडू द्या, पण अट काढू नका.

दर्जाचं भय वाटत असेल तर १६ पानांच्या अटी आपणही लिहा. पाहिजे तर २० पानांच्या लिहा. त्यांत बसणारा माल बनला नाही तर परत करा. फक्त एकदा परत केला म्हणून कायमचं दार लावू नका. बाबांनी किती जाळ्या उसवून पुन्हा विणल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

सगळं एकदम होणार नाही, हे मला कळतं. तेव्हा एका वस्तूपासून सुरुवात करा: खडू. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत स्मार्ट टीव्ही आले तरी फळा अजून आहे आणि खडू रोज लागतो. साचा, प्लॅस्टर, पाणी आणि नेमकं माप, यापलीकडे त्यात काही नाही. खडू करणारे अंध हात या राज्यात आजही आहेत, त्यांच्याकडे मागणी नाही. एका महसूल विभागातल्या सगळ्या सरकारी शाळांचा वर्षाचा खडू पूर्ण किमान वेतन देणाऱ्या अंध कार्यशाळांकडून घ्या. तशी मागणी येत्या जानेवारीत नोंदवलीत तर जूनमध्ये शाळा उघडताना माल पोचू शकतो. पहिली खोकी आमच्या शाळेत पाठवलीत तर मी स्वतः रोज वापरून कोणता खडू मोडतो, कोणता भुरभुरतो, कोणता फळ्यावर चरचरतो याची नोंद ठेवीन आणि वर्षाच्या शेवटी ती वही आपल्याकडे पाठवीन.

आपली,
एका वेतकाम कारागिराची मुलगी,
प्राथमिक शिक्षिका, मिरज